घरची खूण

धाकटीला पोहायला आलं ते पस्तिशीला टेकल्यावर. हौदाच्या या काठावरून त्या काठाला ती पहिल्यांदा एका दमात पोचली, नाकातोंडातलं पाणी खोकत वर आली आणि तिथंच तिनं मनाशी ठरवून टाकलं की आता काही झालं तरी इथून हलायचं नाही.

धाकटी म्हणजे सासरची धाकटी सून. आधी थोरली जाऊ तिला धाकटी म्हणायची, मग सासू म्हणायला लागली, मग नवरा. विमानात बसून ती एवढ्या लांब, बारा महिने घाम काढणाऱ्या देशात आली, तरी ते नाव काही सुटलं नाही. नवरा इंजिनियर, बर्फाच्या कारखान्यात. कंपनीनं बंगला दिला होता, पुढे बाग, मागे पोहायचा हौद, स्वयंपाकाला बाई, गेटवर आळीपाळीनं दोन वॉचमन. आणि या सगळ्याभोवती दोन पुरुष उंचीची भिंत, भिंतीवर तारा, तारांमधून वीज. खिडक्यांना गज होते. घराच्या लाकडी दाराला आतून आणखी एक लोखंडी दरवाजा होता, आणि तो आत शिरल्या शिरल्या ओढून घ्यायचा असा नवऱ्याचा दंडक होता.

पण तिकडे काय होतं हो? दोन खोल्या आणि सहा माणसं. अंघोळीला नंबर लावायचा, आणि आरशासमोर जरा जास्त वेळ उभं राहिलं की बाहेरून सासूबाईंचा खोकला सुरू. इथं भिंत होती हे खरं, पण भिंतीच्या आतलं सगळं तिचं होतं. लेक ठकी दिवसभर बागेत हुंदडायची, अंगानं भरली होती. धाकटीला विचाराल तर सौदा काही वाईट नव्हता.

नवऱ्याचं तसं नव्हतं. त्याला इथं पहिल्यापासून धाकधूक. त्यातून समोरच्या बंगल्यातल्या हिशेबनिसांच्या घरी चोर शिरले. गेटसमोर गाडी थांबवून हिशेबनीस वॉचमनची वाट बघत बसले होते, तेवढ्यात दोन्ही बाजूंनी माणसं आली आणि त्यांच्याच गाडीत बसून आत गेली. जीव वाचले, पण ते कुटुंब आठवडाभरात गाशा गुंडाळून गेलं. त्यांचे पडदे अजून तसेच लटकत होते.

त्या दिवसापासून नवऱ्यानं एक युक्ती काढली. कंपनीचा नियम असा की गाडी गेटसमोर थांबवायची, वॉचमननं बाहेर येऊन आतल्यांचे चेहरे बघायचे, मगच गेट उघडायचं. नवरा म्हणाला, "थांबलेल्या गाडीतच घात होतो. आपण थांबायचंच नाही." लहानपणी त्याचे वडील दाराची कडी एका ठरावीक पद्धतीनं वाजवायचे. दोनदा पटपट, मग एक लांब, मग शेवटी एकदाच. ती ऐकली की कोण म्हणून न विचारता दार उघडायचं. तीच कडी त्यानं हॉर्नवर आणली. कोपऱ्यावर वळतानाच वाजवायचा, पों-पों, पोंऽऽऽ, पों. तोवर वॉचमन गेट सरकवायचा आणि गाडी न थांबता आत यायची. ठकी पळत जायची, बाबाच्या मांडीवर बसायची आणि पोर्चपर्यंत गाडी तीच चालवायची.

"आपल्या घरची खूण आहे ही," नवरा अभिमानानं सांगायचा. "जगात कुणाला कळायची नाही."

थोरलीला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "आमच्याकडे कडी वाजवून हात दुखले तरी कुणी उठत नाही, आणि तुझ्याकडे हॉर्नवर गेट उघडतात! मजा आहे बाई एका माणसाची." धाकटी खुशीत हसली होती.

तर आता घोडं कुठं अडलं होतं ते ऐका. कंपनीच्या तिकडच्या कारखान्यात, त्यांच्याच गावाजवळ, एक जागा रिकामी झाली होती. नवऱ्यानं ती घ्यायची, नाहीतर इथंच आणखी तीन वर्षांसाठी बांधून घ्यायचं. शुक्रवारपर्यंत सांगायचं होतं.

"दिवसभर घरात तू असतेस," नवरा म्हणाला. "मी कारखान्यात असतो, मला काय दिसणार? एक जरी गोष्ट खटकली असेल तर सांग. बोलणंच नको मग, आपण परत जाऊ. आणि काही नसेल तर राहू. तू म्हणशील तसं."

हे झालं सोमवारी. मंगळवारी भर दुपारी धाकटी हौदात असताना हॉर्न वाजला. पों-पों, पोंऽऽऽ, पों.

आज लवकर कसे, असं तिच्या मनात आलं. गेटच्या चाकांची घरघर ऐकू आली, पाठोपाठ ठकीची अनवाणी पावलं आणि "बाबा!" अशी हाक. मग एकदम सगळं गप्प. ते गप्प होणं धाकटीला आवडलं नाही. अंगाला टॉवेल गुंडाळून ती घराला वळसा घालून पुढे आली.

करड्या रंगाची एक गाडी गेटमधून अर्धी आत आली होती. ती त्यांची नव्हती. पुढे दोन माणसं. चालवणारा सावकाश बघत होता, आधी पोर्च, मग खिडक्या, मग मागे जाणारी वाट. भाड्यानं घर बघायला आलेला माणूस बघतो तसं. त्याला घाई म्हणून नव्हती. ठकी दिसली तेव्हा तो हसला, त्यानं हात हलवला आणि गाडी मागे घेऊन निघून गेला.

वॉचमनच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "बाईसाहेब, हॉर्न तोच होता," तो म्हणाला. "हॉर्न ऐकला म्हणून उघडलं मी."

"पत्ता चुकले असतील," धाकटी म्हणाली.

वॉचमननं गेट ओढून बंद केलं. पत्ता चुकलेल्या माणसाला दुसऱ्याच्या घराचा हॉर्न कसा येतो, हे त्यानं विचारलं नाही आणि तिनंही स्वतःला विचारलं नाही.

"साहेबांना सांगू नका," ती म्हणाली. "कुणालाच सांगू नका. उगाच गवगवा नको."

वॉचमननं मान हलवली. सांगितलं असतं तर आधी त्याची नोकरी गेली असती. त्याची नोकरी वाचली, हिचा बंगला वाचला, दोघंही मूग गिळून बसली. ठकीला जवळ घेऊन तिनं समजावलं, "बाबांना काळजी लागते ना? मग त्यांना नाही सांगायचं हं." ठकीनं शहाण्यासारखं "बरं" म्हटलं.

संध्याकाळी नवऱ्याचा हॉर्न वाजला तेव्हा मात्र धाकटी हातातलं काम टाकून खिडकीशी गेली. तो तिनं पहिल्यांदाच नीट ऐकला. कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुकानात तो ऐकू जात होता. समोरच्या झाडाखाली रिकामटेकडी माणसं बसायची, त्यांनाही. पलीकडच्या गल्लीतलं कुणीतरी पोर तर तीच खूण शिटीवर वाजवत होतं, तेही अगदी बरोबर. घरची खूण म्हणे! एवढे दिवस रोज भर रस्त्यात भोंगा वाजवून अख्ख्या वस्तीकडून घोकून घेतलेली!

सांगावं का? निदान खूण तरी बदलायला सांगावी? पण का बदलायची, असं त्यानं विचारलंच असतं. आणि कारण कळलं की संपलं. बॅगा, विमान, दोन खोल्या, खोकला. धाकटी रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली. तिकडे तरी कुणी अमरपट्टा लिहून दिलाय, असं तिनं स्वतःला बजावलं. तिकडे रस्त्यावर माणसं मरत नाहीत? आणि ती गाडी आली तशी गेलीच की. काय नेलं तिनं? काहीसुद्धा नाही. एकदा चुकून झालेल्या गोष्टीपायी सगळं सोडायचं? पहाटेपर्यंत तिनं स्वतःला पटवलं. मनापासून नव्हे, पण पटवलं.

शुक्रवारी सकाळी चहा घेताना नवऱ्यानं विचारलं, "बोल. काय सांगू त्यांना?"

"राहू म्हणून सांगा."

"काही खटकलं नाही ना? नक्की?"

"नक्की हो! किती घाबरायचं माणसानं?"

तो हसला. कितीतरी दिवसांनी असं मोकळं हसला. त्याचा तिच्यावर पुरता विश्वास होता, आणि ते बघून धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी ती बोलली नाही.

संध्याकाळी नवरा लवकर आला. गाडी दुरुस्तीला टाकली होती, म्हणून एका सहकाऱ्यानं त्याला गेटशी सोडलं आणि तो छोट्या दारातून चालतच आत आला. हॉर्न वाजलाच नाही. ठकी मागे झोपाळ्यावर होती, तिला बाबा आल्याचा पत्ताही लागला नाही. थोड्याच वेळात वॉचमनची पाळी बदलली. दिवसाचा गेला, संध्याकाळचा आला. साहेब आत आहेत हे यालाही ठाऊक नव्हतं, आणि मंगळवारचं तर त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं नाही असं बाईसाहेबांचंच फर्मान होतं ना!

"सांगून टाकलं," नवरा खुर्चीत अंग टाकत म्हणाला. "तीन वर्षं. तिकडच्या जागेवर लगेच दुसऱ्याला घेतलं. आता मागे फिरणं नाही बघ."

धाकटीनं त्याच्यापुढे चहा ठेवला. तिला आनंद झाला, खोटं कशाला बोला. मनातल्या मनात ती हौदाच्या काठाला झाडं लावायला लागली.

तेवढ्यात हॉर्न वाजला. पों-पों, पोंऽऽऽ, पों.

"अरेच्चा," नवरा कप हातात धरून हसत म्हणाला, "मी तर इथं आहे!"

गेटची घरघर सुरू झाली. मागच्या बाजूनं अनवाणी पावलं धावत गेली. "बाबा आले! बाबा आले!"

धाकटीच्या हातातली किटली कुठं पडली ते तिला कळलं नाही. ती दारातून बाहेर पडली तेव्हा करडी गाडी पार पोर्चपर्यंत आली होती. मागचं दार उघडं होतं. ठकी त्या दारापासून हातभर अंतरावर थबकली होती. आतून एक हात पुढे आला होता आणि आतला माणूस गोड आवाजात, तोडक्यामोडक्या उच्चारात म्हणत होता, "ठकी. ये, ठकी."

धाकटी किंचाळली. पोरीला दंडाला धरून तिनं मागे ओढलं आणि दोघी खाली पडल्या. मागून नवरा ओरडत आला. त्याला बघून चालवणाऱ्याच्या कपाळाला आठी पडली. साहेबांची गाडी पोर्चमध्ये नाही म्हणजे साहेब घरी नाहीत, असा त्यानं हिशेब केलेला दिसत होता. दार लागलं. गाडी मागे गेली, गेटबाहेर वळली आणि निघून गेली. याही वेळी त्यांनी घाई केली नाही.

"हॉर्न वाजला, साहेब," संध्याकाळचा वॉचमन पुन्हापुन्हा म्हणत होता. "तुमचाच हॉर्न होता."

नवऱ्यानं ठकीला उचललं. "ही पहिलीच वेळ ना?" त्यानं धाकटीला विचारलं. "याआधी कधी काही झालं नव्हतं ना?"

"नाही," धाकटी म्हणाली.

"झालं होतं की," ठकी बाबाच्या गळ्यात हात टाकून म्हणाली. "ते काका मंगळवारी पण आले होते. त्यांनी मला हात केला होता. पण आई म्हणाली, बाबांना सांगायचं नाही."

नवरा ओरडला असता तर बरं झालं असतं. "मी तुला दोनदा विचारलं होतं," एवढंच तो म्हणाला. मग लेकीला छातीशी धरून आत गेला, आणि सवयीनं की कशानं कोण जाणे, त्यानं आतून लोखंडी दरवाजा ओढून घेतला. कडी बसल्याचा आवाज झाला.

धाकटी पायरीवर एकटीच उरली. अंधारून येत होतं. भिंतीपलीकडे कुणीतरी तीच खूण शिटीवर वाजवत चाललं होतं. ती दाराशी गेली, कडी वाजवायला तिनं हात उचलला, आणि ती कशी वाजवावी म्हणजे आतला माणूस उघडेल, हे तिला काही केल्या सुचेना.