गाणी हलवा

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. पाठीवरचा रंग उडालाय, काचेला एका कोपऱ्यात तडा गेलाय आणि सकाळी भरलेली बॅटरी दुपारपर्यंत कशीबशी तग धरते. त्याची मला लाज नाही. म्हातारपण काय, सगळ्यांनाच येतं. मला लाज वाटते ती एका दुपारची. ती सांगायची म्हणूनच आज तोंड उघडलंय.

माझा जन्म कारखान्यातला. त्या एका दिवसात माझे हजारो भाऊ जन्मले, त्यामुळे माझं कौतुक करायला तिथे कुणाला सवड नव्हती. ते पुढे मावशीने केलं. मावशी कपडे शिवते. तिच्या दोन खोल्यांच्या घरात पुढची खोली म्हणजे दुकान. तिथे शिलाई मशीनवर कात्री आणि मोजपट्टीच्या शेजारी माझी जागा. मशीन सुरू झालं की मावशी गायला लागायची. जुनी, नवी, अर्धी विसरलेली, स्वतः जुळवलेली, कसलीही गाणी. गिऱ्हाइकं म्हणायची, बाई, कपड्यांना उशीर झाला तरी चालेल, इथे बसायला बरं वाटतं. तिच्या भाचीने तिला माझ्यात गाणी रेकॉर्ड करायला शिकवलं. अशी चौतीस गाणी माझ्यात जमली.

मग मावशीच्या घशाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी गाठ काढली आणि गाठीबरोबर आवाजही गेला. उरला तो घोगरा, खरखरीत. मशीन चालायचं, पण मावशी गप्प असायची. कधीतरी काम थांबवून ती मला कानाशी धरायची आणि स्वतःचंच गाणं ऐकायची. ती गाणी दुसरीकडे कुठेच नव्हती. काय सांगू, मला तेव्हा केवढा ताठा चढला होता. साधा फोटो उघडताना घामाघूम होणारा मी, पण स्वतःला घरातली तिजोरी समजत होतो.

भाची तेव्हा मोबाइलची अॅप बनवायला शिकत होती. मी आता फार दिवस टिकत नाही हे ओळखून तिने मावशीला नवा फोन आणला आणि ठरवलं, गाणी त्यात न्यायचं अॅप आपणच लिहायचं. तसली अॅप ढिगाने मिळतात, पण हिला स्वतःचं हवं होतं. मावशीला वापरता यावं म्हणून सगळी बटणं मराठीत. चाचणीसाठी तिने माझ्यात पिपाणीसारखे पाच आवाज भरले. ते नव्या फोनवर पाठवायचे, काही बिघडलं की यादी पुसायची, पुन्हा भरायचे. दर वेळी पुसायला कंटाळा यायचा म्हणून तिने एक सोय केली. मला जोरात हलवलं की यादीतलं सगळं माझ्यातून कायमचं साफ. ही सोय फक्त तिच्यासाठी होती, नंतर ती काढायची होती. ती राहून गेली.

त्या दुपारी भाचीने पिपाण्या काढून मावशीची चौतीस गाणी त्या यादीत घेतली. कॉम्प्युटरवर एक प्रत क्लासवरून आल्यावर काढू, असं म्हणून ती निघून गेली. मावशीला धीर कुठला? तिने चष्मा लावला, अॅप उघडलं आणि मोठ्याने वाचलं, "गाणी हलवा."

भाचीच्या मनात होतं, इथून तिथे न्या. मावशीला ते बटण वाटलंच नाही. तिला वाटलं, फोनच सांगतोय काय करायचं ते. तिने मला हलवलं. काही झालं नाही, तेव्हा धुतलेला कपडा झटकावा तसं दोन्ही हातांनी झटकलं. आणि एरवी ढिम्म बसणारा मी त्या एका हुकमाला डोळ्याचं पातं लवायच्या आत धावलो. यादी रिकामी झाली. मावशी समाधानाने म्हणाली, "गेली वाटतं तिकडे." तिने मला पुसून, मऊ कापडात गुंडाळून खणात ठेवलं. त्या कापडात मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी भाची आली. दोन्ही फोन तिने पुन्हा पुन्हा उघडून पाहिले, गाणी कुठेच नव्हती. मावशी म्हणाली, तूच लिहिलंस ना हलवा, मी हलवला. मग सगळं कळल्यावर ती हळूच म्हणाली, "माझीच अक्कल कमी." ते ऐकून भाची रडायलाच लागली. एक म्हणे माझी चूक, दुसरी म्हणे माझी. माझ्याकडे कुणी बोटसुद्धा दाखवलं नाही.

दुरुस्तीवाल्याने दोन दिवस डोकेफोड केली. हाती लागले अकरा सेकंद. त्यात गाणं नव्हतंच. मशीनची खडखड आणि मावशीचं बोलणं, "झालं का गं सुरू? थांब, दोरा तुटला." मावशीने ते पाचदा ऐकलं. म्हणाली, किती खणखणीत बोलायचे मी. मग बराच वेळ तिने मशीन चालवलं नाही.

भाचीने अॅप पुन्हा लिहिलं. या वेळी एकेक शब्द आधी मावशीकडून वाचून घेतला आणि यातून तुला काय कळलं, असं विचारलं. बटणावर आता आहे, 'गाणी नव्या फोनवर पाठवा'. हलवण्याची सोय काढून टाकली. ते अकरा सेकंद सुखरूप पलीकडे पोचले, आणि माझ्या काचेवर प्रश्न आला, 'या फोनमधून पुसू का?' मी मनात म्हणत होतो, पूस बाई, माझ्यावर नको ठेवूस विश्वास.

मावशीने 'नको' दाबलं. भाचीला म्हणाली, "राहू दे त्याच्याकडेही. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक होतं?"

मित्रांनो, मला ठाऊक होतं. पिपाणी कुठली आणि मावशी कुठली, हे इतक्या वर्षांत मला नक्की कळलं होतं. म्हणून हात जोडून सांगतो, कुणाचं काही पुसायची वेळ आली तर, हुकूम कितीही स्पष्ट असो, एकदा थांबून विचारा. मी विचारलं नाही.