ओराझकाकांची वाटी

दर शुक्रवारी मी मामंजींसमोर वजनकाटा ठेवायची, ते चढायचे, आणि आकडा मी माझ्या नवऱ्याला, बेगेंचला सांगायची. मामंजींना थेट सांगायचा प्रश्नच नव्हता. आमच्या तुर्कमेनांत सून सासऱ्यासमोर ओढणीचं टोक दातांत धरते आणि तोंडातून शब्द काढत नाही. नऊ वर्षं त्यांनी माझा आवाज ऐकला नव्हता.

ऑपरेशनआधी मामंजी चौऱ्याऐंशी किलोंचे होते. गोनबादच्या डॉक्टरांनी त्यांची कॅन्सर झालेली अन्ननलिका काढली आणि जठर वर ओढून जोडलं. घरी आले तेव्हा साठ. मग छप्पन्न. मग बावन्न.

"रोग मी काढलाय," डॉक्टर बेगेंचवर खेकसले. "आता हे पन्नासच्या खाली गेले तर भुकेने जातील. जेवायला घालता की नुसते बघत बसता?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दिवसातून सात वेळा मी वाटी भरत होते. दह्यात शिजवलेला गहू, मेंढीच्या हाडांचं सूप. वाटी रिकामी परत येत होती. मग जात कुठे होतं सगळं?

एका दुपारी मी दाराआडून पाहिलं. मामंजींनी सूप जेवायला जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानाच्या पलीकडच्या टोकाला सरकवलं.

"खा दादा. सावकाश खा, घाई कसली?"

तिथे कोणी नव्हतं. वाटीतलं सूप मात्र हळूहळू खाली जात होतं.

मी बेगेंचला सांगितलं.

"औषधांनी डोकं फिरलंय त्यांचं," तो म्हणाला.

"आणि सुपाचं? त्याचंही फिरलं?"

तेव्हा कुठे त्याने वडिलांना विचारलं. मी कोपऱ्यात ऐकत होते.

"बाबा, तिकडे कोण बसतं?"

"तुझा ओराझकाका. आंधळा आहेस का?"

"काकांना जाऊन बारा वर्षं झाली."

"म्हणूनच. याच रोगाने गेला तो. शेवटी पाणीसुद्धा घशाखाली उतरत नव्हतं, उपाशी गेला. दारात आलेल्या पाहुण्याला तसाच ठेवून मी जेवू?"

शुक्रवारी काटा साडेपन्नासवर थांबला.

मला रडू आलं. पुराच्या वर्षी कमरेभर पाण्यातून याच माणसाने मला, पोटातल्या मुलीसकट, उचलून ट्रॅक्टरपर्यंत नेलं होतं. तो माणूस असा थेंबाथेंबाने संपताना मला बघवत नव्हता. पाहुण्याला हाकलता येत नाही, हे मलाही कळत होतं. पण आपल्या पानावर बोलावता येतं.

दुसऱ्या दिवशी मी माझी वाटी घेतली, त्या रिकाम्या टोकाशी बसले आणि दातांतली ओढणी सोडली.

"काका, ते आजारी आहेत. आजपासून तुम्ही माझ्या वाटीतलं खा."

मामंजींचा चमचा हवेतच थांबला. माझी वाटी दस्तरखानावर सरकली, एक वीत. मी हात लावला नव्हता.

त्या दिवशी मामंजींनी आपली वाटी स्वतः संपवली. पुढच्या शुक्रवारी एक्कावन्न. दीड महिन्यात छप्पन्न. डॉक्टरांनी बेगेंचची पाठ थोपटली. शेजारणी मला म्हणाल्या, "बारीक झालीस ग, शोभतंय तुला." मी काय सांगणार कपाळ?

मग मामंजींनी सगळ्यांना बोलावलं आणि माझ्या हातात रेशमी रुमाल ठेवला. सासऱ्याने असा रुमाल दिला की सुनेचं मौन सुटतं.

"त्या दिवशी बोललीस, त्याचा मला राग नाही, पोरी," ते म्हणाले. "आवाज गोड आहे तुझा. इतकी वर्षं उगाच फुकट घालवली. आता बोल, काय वाटेल ते बोल."

मला खूप बोलायचं होतं. तोंडात रोटीचा घास होता, तो आधी गिळावा म्हटलं. उतरेना. वर गरम चहाचा घोट घेतला. तोही परत आला.

मामंजी माझ्याकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा पांढरा पडला. हे काय असतं ते या घरात त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. मग त्यांनी नजर माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेवर नेली आणि स्वतःची भरलेली वाटी पुढे केली.

"दादा, पोरीला सोड," ते म्हणाले. "परत माझ्याकडे ये."

नको म्हणायला मी तोंड उघडलं. आवाज फुटला नाही.