बाईंनी शेवटचं काय दाबलं

माझी बायको महानंदा हिला जाऊन महिना झाला, त्याच आठवड्यात पुस्तिका गेल्याचं कळलं.

आण्णा सकाळीच आले. ते आमच्या समाज मंडळाचे सेक्रेटरी, मंगळवार पेठेत आमच्यापासून चार दारं पलीकडं राहतात. मे महिन्यात वधू-वर मेळावा ठरला होता आणि त्याची परिचय पुस्तिका महानंदा घरच्या कॉम्प्युटरवर टाईप करत होती. मुलामुलींची नावं, शिक्षण, नोकरी, उंची, मामाचं गाव. दोन वर्षं तिचं हेच काम चाललं होतं. आण्णांनी छापखान्याला शब्द दिला होता, म्हणून ते फाईल न्यायला आले. त्यांनी मशीन चालू केलं, फाईल उघडली आणि पडद्यावर नुसते चौकोन आले. ओळीच्या ओळी चौकोन.

"अप्पा, ह्ये काय वो?"

मला काय कळणार? माझी घराला लागून पिठाची गिरणी आहे. कॉम्प्युटर महानंदाचा. ती शाळेत शिक्षिका होती, सरकारनं शिक्षकांना कॉम्प्युटरची परीक्षा सक्तीची केली तेव्हा वयाच्या पन्नाशीत क्लासला जाऊन पास झाली. बाकीच्या बाया सर्टिफिकेट घेऊन मोकळ्या झाल्या. हिनं मशीनच विकत घेतलं.

आण्णांनी दुपारी आकारामला आणलं. आकारामचं दुरुस्तीचं दुकान आहे. त्यानं थोडा वेळ बटणं दाबली.

"मराठीचा प्रोग्रॅमच उठंना झालाय. शेवटी कोण बसलंतं ह्याच्यावर?"

"वैनी की. दुसरं कोण बसणार?" आण्णा म्हणाले.

"मग त्यांच्याच हातनं कायतरी दाबलं गेलं असणार. औषधं चालू हुती न्हवं? माणसाला भान ऱ्हात न्हाय त्यात." आकाराम खुर्ची मागं सारत म्हणाला, "फॉरमॅट मारूया. मशीन नवं कोरं हुतंय."

"फॉरमॅट म्हणजे?" मी विचारलं.

"सगळं पुसायचं आणि परत घालायचं."

"आणि तिचं काम?"

"ते जातंय की, अप्पा."

मी म्हटलं, राहू दे. हात लावू नको.

संध्याकाळपर्यंत पेठेत सगळ्यांना कळलं. धोंडुबाई ज्वारीचा डबा घेऊन गिरणीवर आली. पट्टा फिरत होता, त्यामुळं ओरडूनच बोलली.

"बाईंनी जाताजाता सगळं पुसून टाकलं म्हणं?"

"कोण म्हणतंय?"

"समदीच म्हणत्यात. भानावर न्हवत्या बिचाऱ्या. आता कुणी राग धरायचा?"

तिच्या मनात वाईट काही नव्हतं. तिच्या मुलीचं नावही त्या पुस्तिकेत होतं, तरी ती रागावली नव्हती. पण कुणी माफ करावं अशी वेळ महानंदावर कधी आली नव्हती. तेहतीस वर्षं शिकवलं तिनं. अर्ध्या पेठेला बाराखडी तिनं शिकवली. चुकलं तर ती स्वतःच आधी सांगायची.

धोंडुबाईचं म्हणणं मी खोडलं नाही. कारण मलाही खात्री नव्हती.

शेवटच्या दिवसांत महानंदा कधीकधी चुकायची. एकदा मला तिच्या भावाच्या नावानं हाक मारली. एकदा दुपारी उठून बसली आणि म्हणाली, घंटा झाली, मला कुणी उठवलं का नाही. तरीही बरं वाटलं की पोटावर गरम पाण्याची पिशवी धरून कॉम्प्युटरपुढं बसायची. एकेक मुलगी संपली की मोठ्यानं म्हणायची, "सेव्ह केलं." पट्टा थांबलेला असला की मला गिरणीत ऐकू यायचं. ती शेवटची बसली त्या दिवशी अर्ध्यातच उठली. म्हणाली, अक्षरं हलायला लागलीत. तेव्हा तिनं काय दाबलं, काय नाही, मला माहीत नाही. मी तिला धरून आत नेलं आणि मशीन तिनंच सांगितलं तसं बंद केलं.

आकाराम म्हणाला ते खरंही असू शकत होतं. तेच मला झोपू देत नव्हतं. पुस्तिकेचं मला तितकं नव्हतं.

चार-पाच दिवसांनी मी क्रांतीमॅडमकडं गेलो. महानंदा जिथं शिकली तो क्लास त्यांचाच. त्या महानंदापेक्षा वीस वर्षांनी लहान. महानंदा त्यांना मॅडम म्हणायची आणि त्या महानंदाला बाई. त्या मातीला आल्या होत्या, पण त्या गर्दीत बोलणं झालं नव्हतं.

मी त्यांना चौकोनांचं सांगितलं. मग जे विचारायला आलो होतो ते विचारलं. "ह्या मशीनवर शेवटचं काय झालं आणि कधी झालं, ते बघता येतं का?"

"सगळंच नाही येत, काका. पण थोडंफार येतं. बाईंनी अपडेट चालू ठेवलेत का?"

"ते काय असतं?"

"खाली कोपऱ्यात पिवळी ढाल दिसायची बघा, घड्याळाजवळ."

ढाल मला आठवत होती. महानंदा ती दिसली की खूश व्हायची. म्हणायची, नवा माल आला.

"मीच शिकवलंतं त्यांना," क्रांतीमॅडम म्हणाल्या. "मशीन बनवणारे चुका दुरुस्त करून पाठवतात, ते घेत जावा म्हणून. सगळ्या वर्गाला सांगितलं. ऐकलं फक्त बाईंनी. बाकीचे आकारामचं ऐकतात, बंद ठेवतात."

दुसऱ्या दिवशी दुपारी लाईट आल्यावर त्या घरी आल्या. महानंदाच्या खुर्चीवर तिची शाल तशीच होती. त्यांनी ती उचलली नाही, नुसत्या पुढं सरकून बसल्या.

"बघा काका, कंट्रोल पॅनलमध्ये जायचं. प्रोग्रॅम काढायचं-घालायचं जिथं असतं तिथं. वर ही बारकी चौकट आहे ना, अपडेट दाखवा म्हणून? हिच्यात टिक केली नाही तर काहीच दिसत नाही. म्हणून कुणी बघत नाही."

त्यांनी टिक केली आणि खाली यादी पसरली. प्रत्येक ओळीत एक लांबलचक नंबर आणि शेवटी तारीख. त्या बोटानं खाली सरकवत गेल्या. दिवाळी, त्याआधीचा गणपती, त्याआधीची सुट्टी. दर महिन्याला दोन-चार ओळी. मला नंबरांचं काही कळत नव्हतं, मी तारखाच वाचत होतो. तिला घेऊन मुंजाळे डॉक्टरांच्या दवाखान्यात पहिल्यांदा गेलो तो आठवडा. मिरजेला तपासणीला गेलो तो महिना. त्या महिन्यातही दोन ओळी होत्या. म्हणजे मिरजेहून येऊन ती बसली होती.

"शेवटची कुठली?" मी विचारलं.

"ही फेब्रुवारीतली. नीट झालेली आहे." त्या थांबल्या. "पण इथं फक्त पूर्ण झालेली दिसतात. अर्धवट राहिलं असेल तर दुसरीकडं बघायला पाहिजे."

इंटरनेट लावून त्यांनी दुसरं पान उघडलं. तिथंही तीच यादी, पण प्रत्येक ओळीपुढं हिरवी खूण होती. सगळ्यात वरच्या ओळीपुढं लाल फुली होती. क्रांतीमॅडमनी तारीख मोठ्यानं वाचली आणि माझ्याकडं बघितलं.

मला बघायची गरज नव्हती. तो गणाराधनेचा, म्हणजे तिच्या दिवसकार्याचा, आदला दिवस होता. महानंदाला जाऊन तेव्हा दहा दिवस झाले होते.

"काका, हे बाईंनी केलेलं नाही," त्या म्हणाल्या. तेवढंच.

मी उठलो. पाणी आणायला आत गेलो आणि माठापाशी थोडा वेळ उभा राहिलो. परत आलो तर त्यांनी अजून एक पान उघडलं होतं, त्यात वेळही होती.

"सकाळी अकराच्या जरा आधी आपोआप सुरू झालंय आणि मध्येच तुटलंय, त्यातच मराठीचा प्रोग्रॅम बिघडलाय. कुणी प्लग काढला का?"

"अकराला आमच्या पेठेत लाईट जाते," मी म्हणालो.

भारनियमनाचं वेळापत्रक गिरणीच्या भिंतीवर चिकटवलेलं आहे. महानंदाला ते तोंडपाठ होतं. पावणेअकरा झाले की ती मशीन बंद करून मला हाक मारायची, "अहो, पट्टा थांबवा, जायची वेळ झाली." ती गेल्यावर गिरणी गणाराधनेपर्यंत बंदच होती. हाक मारणारं कुणी नव्हतं.

"पण मशीन चालू कुणी केलंतं?" क्रांतीमॅडमनी विचारलं.

मला आठवलं. त्या दिवशी निपाणीची पाहुणे मंडळी घरात भरली होती. आण्णा घाईघाईनं आले, म्हणाले, अप्पा, वैनींचा चांगला फोटो पायजे, चौकात श्रद्धांजलीचा बोर्ड लावायचाय. कॉम्प्युटरमध्ये शाळेच्या निरोप समारंभाचा फोटो होता. आण्णांनी तो पेन ड्राईव्हवर घेतला आणि बोर्डवाल्याकडं पळाले. मशीन तसंच राहिलं. मलाही ते सुचलं नाही.

मी क्रांतीमॅडमना एवढंच म्हणालो, "घरात माणसं होती. केलं असंल कुणीतरी."

त्यांनी ते अर्धवट अडकलेलं काढून टाकलं. मग मराठीचा प्रोग्रॅम महानंदाच्या सीडीवरून परत घातला. दोनदा मशीन बंद-चालू झालं. फाईल उघडली तर चौकोन गेले होते. पहिल्याच पानावर एका मुलीचं नाव होतं, उंची, मामाचं गाव संकेश्वर. क्रांतीमॅडम पान खाली नेत गेल्या आणि एका जागी थांबल्या. तिथं नाव होतं, शिक्षण होतं आणि 'नोकरी'पुढं काही नव्हतं. त्याच्यापुढं रिकामं पान.

"इथवर सेव्ह केलंय," त्या म्हणाल्या.

रविवारी मंडळाची बैठक झाली. मी सहसा जात नाही, त्या दिवशी गेलो. आण्णा उभे राहिले आणि म्हणाले, "पुस्तिकेचं सगळ्यांना कळलंच हाय. वैनींच्या हातनं चुकून झालं, आजारी माणूस. त्यांनी आपल्यासाठी कष्ट घेतलं त्ये मोठं. कुणी मनात ठिवू नये."

लोकांनी माना हलवल्या. मी उभा राहिलो. मला बोलायची सवय नाही.

"तिच्या हातनं झालेलं नाही," मी म्हणालो. "मशीनमध्ये तारीख हाय. ती जाऊन दहा दिवस झाल्यावर बिघडलंय. क्रांतीमॅडमनी बघितलं. पुस्तिका परत आलीय. तिनं जेवढं केलंतं तेवढं सगळं हाय."

मागून कुणीतरी विचारलं, "मग कुणी केलं?"

आण्णा माझ्याकडंच बघत होते. तो बोर्ड त्यांनी स्वतःच्या खर्चानं लावला होता. मातीच्या दिवशी तिला उचलायला पुढच्या बाजूला तेच होते.

"लाईट गेली," मी म्हणालो.

कुणीतरी हसलं. "सरकारनंच केलं म्हणा की!" मग विषय पाण्याच्या टाकीवर गेला.

घरी येताना आण्णा मागून चालत आले. चौकात बोर्डापाशी थांबले. महानंदाच्या फोटोचा खालचा अर्धा भाग जोतिबाच्या यात्रेच्या शुभेच्छांनी झाकला होता. वर तिचा चष्मा तेवढा दिसत होता.

"अप्पा, मी त्या दिवशी फोटो घेऊन गेलतो न्हवं. मशीन बंद केलंतं का वो मी?"

"ध्यानात नाही, आण्णा."

"मलाबी न्हाय." ते बोर्डाजवळ सरकले. "ह्यो यात्रावाल्यांचा बोर्ड उद्या काढायला लावतो. काय पद्धत हाय व्हय ही?"

"असू दे."

"असू दे कसं? चष्म्यापर्यंत आलाय की!"

दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडुबाई गिरणीवर आली. तिनं डबा ठेवला आणि म्हणाली, "बाईंनी कायबी केलं न्हवतं म्हणं. मी म्हणतच हुते." मी तिची ज्वारी दळून दिली.

बोर्ड अजून तसाच आहे. मेळावा दिवाळीनंतर घ्यायचं ठरलंय. कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात पिवळी ढाल परत आली आहे आणि मी तिला हात लावलेला नाही. महानंदाच्या खुर्चीखाली प्लास्टिकच्या पिशवीत उरलेले फॉर्म आहेत, वरचा तिनं अर्धा टाईप केलेला. ते टाईप करायचे राहिलेत. मला टायपिंग येत नाही.