नव्या जोडप्याची सहल

"नवरी चालणारी आहे का पण?" वस्तादने विचारलं. "टाचांचे बूट घालून आली तर संपलंच. तिथले दगड पार गुळगुळीत झालेत म्हणे."

"आहे की. दणकट आहे," बारक्या म्हणाला.

दणकट हा शब्द कुठून सुचला, त्याचं त्यालाच कळेना. मुळात नवरी नव्हतीच. साडूच्या मुलाचं लग्न झालं होतं एवढं खरं. पण ते जोडपं केव्हाच समुद्रकिनारी जाऊन, उन्हाने नाकं सोलून घेऊन परत आलं होतं. त्या जुन्या अवशेषांच्या शहरात जाणार होते ते बारक्या, पंडित आणि जावई.

या तिघांनी आणि वस्तादने मिळून उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवला. बारक्या आता लिफ्टच्या दारातून अंग तिरकं करून शिरे. पंडिताने आयुष्यात पुस्तक उघडलं नव्हतं, पण मत प्रत्येक गोष्टीवर. जावई दुसऱ्यांच्या डब्यांवर सासुरवाडीला आल्यासारखा हात मारी. तिघांचीही नावं अशी थट्टेतून पडलेली. वस्ताद मात्र खरोखरच वस्ताद होता. चौघांच्या प्रत्येक सहलीचा बेत त्यानेच आखायचा.

आणि हे शहर तर त्याचंच. कामाच्या खोलीत अवजारांच्या कपाटावर त्याने एक चित्र चिकटवलं होतं: पडकं रंगमंडल आणि त्याच्याखालचं उघडं पडलेलं तळघर. तिथून म्हणे दोर आणि वजनं लावून झुंजींच्या जनावरांचे पिंजरे वर मैदानात चढवत. "आपल्या धंद्याचा मूळपुरुष आहे तो," वस्ताद म्हणायचा. "रिटायर झालो की चौघं जाऊ. पाया पडून येऊ."

मग साखरेने त्याचं उजवं पाऊल अर्धं नेलं. त्यानंतरच्या सहलीत तिघे प्रत्येक कोपऱ्यावर त्याची वाट बघत उभे राहिले. कोणी कुरकुरलं नाही. यंदा जावयाच्या मुलीची नेमकी त्याच शहरात बदली झाली. तिच्या घरात झोपायची सोय होती, पण तिघांपुरतीच. ते ऐकून तिघांनाही हायसं वाटलं, आणि ते तिघांनीही एकमेकांपासून लपवलं.

"त्यालाच त्रास झाला असता," जावई म्हणाला.

"त्याच्या भल्याचंच आहे," पंडित म्हणाला.

बारक्याने मान हलवली. पुढे बेत आखायला बसले आणि तिघांचीही गाडी रुतली. तेव्हा "मी विचारून येतो, बघतो काहीतरी थाप मारून," असं म्हणाला तोही बारक्याच.

पहिला दिवस

वस्ताद कागदावर बेत आखत नसे. तो नटबोल्टचा डबा जेवणाच्या टेबलावर उपडा करी आणि शहर मांडी. मोठा नट म्हणजे रंगमंडल. उभे बोल्ट म्हणजे देवळाचे खांब. साखळीचा तुकडा म्हणजे नदी. आणि दोन वायसर, म्हणजे बोल्टखाली घालायच्या भोकाच्या चकत्या, एक पितळी, एक लोखंडी.

"ही नवरी, हा नवरा. मापात आहेत ना?"

"आहेत," बारक्या म्हणाला.

"काम कुठून सुरू करतात?"

"खालून. आधी पिटाचा खड्डा बघायचा."

"शहरही तसंच. लोक आधी वर चढतात, फोटो काढतात आणि दमून बसतात. यांनी सकाळी उतरायचं ते थेट तळघरात. उन्हं कोवळी असतात, गर्दी नसते. कप्पी बसवायच्या खाचा आहेत म्हणे दगडात. त्याला सांग, खाचेत बोट घालून बघ. दोराने घासून कडा कशी गोल झाली असेल..."

वस्तादने स्वतःचंच बोट हवेत फिरवलं. बारक्याने चहाच्या कपात तोंड लपवलं. चहा बिनसाखरेचा होता, बारक्याला लागतो तसाच. वहिनीला, वस्तादच्या बायकोला, सांगावं लागलं नव्हतं.

दुसरा दिवस

"दुसरा दिवस खाण्याचा. नदीकाठी मासे भाजतात. धुराच्या मागे जायचं, पाटीच्या मागे नाही. जिथे हमाल उभे राहून खातात तिथे खायचं."

"आणि रात्रीचं?"

"अरे, लग्न झालंय त्यांचं. रात्रीचं मी काय सांगू?" वस्ताद खदखदून हसला. पोटावर हात ठेवून तो हसायचा तसा. बारक्याला ते हसू फार दिवसांनी ऐकू आलं. "जुन्या वखारींच्या तळघरांत गाणी चालतात. पहाटेपर्यंत नाचतात लोक. दुपारी झोप काढायला सांग मात्र. दुपारी झोपला नाही तर संध्याकाळी तो माणसात नसतो."

"कोण?"

"नवरा."

बारक्याच्या मनात पाल चुकचुकली. दुपारची झोप हुकली की तापायचा तो बारक्या. पंचविशीतल्या पोराला कसली आलीय दुपारची झोप? पण चोराच्या मनात चांदणं, असं म्हणून त्याने विषय पुढे ढकलला.

तिसरा दिवस

"तिसऱ्या दिवशी डोंगरावरचा बुरूज. वरून सगळं शहर दिसतं. यांनी जाऊन यावं." वस्तादने पितळी वायसर उचलून बुरूज म्हणून मांडलेल्या बाटलीच्या बुचावर ठेवला आणि लोखंडी खालीच राहू दिला. "याने मात्र खालीच थांबावं. अर्ध्या वाटेवर बाक आहे, सावलीतला. तिथे बसावं."

"नवरा का खाली?"

"उघड्यावर भोवळ येते त्याला. शाफ्टमध्ये कितीही वर चढव, चार भिंती असल्या की बोका होतो. गच्चीवर मात्र गुडघे लटपटतात."

बारक्याने टेबलाकडे पाहिलं. बुचावर पितळी वायसराशेजारी आणखी एक वायसर होता. तो केव्हा आला, त्याला कळलं नव्हतं. बाकावरचा धरून तीन.

"हा बडबडतो फार," बुचावरच्या एकाला बोटाने टिचकी मारत वस्ताद म्हणाला. "तिथे माहिती सांगणारा माणूस असतो, त्याच्याशी वाद घालू देऊ नको. आणि हा दुसऱ्यांच्या ताटलीतलं खातो. मासे जास्तीचे मागवा."

बारक्याने कप खाली ठेवला. काहीतरी बोलायला हवं होतं. इतकी वर्षं लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना बाहेरून धीर देत आला होता तो. घाबरू नका, मी इथेच आहे, असं म्हणायचं असतं. पण अडकलेल्यानं काय म्हणायचं, ते त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

वहिनी ताटं घेऊन आली. "भाऊजी, जेवूनच जा. टोपी घेतली का पण? जावयाची पोर सांगत होती, तिकडे ऊन फार आहे म्हणे. परवा यांना फोन आला होता तिचा. काका, तुम्ही कधी निघताय, म्हणून विचारत होती."

वहिनीचा स्वर साधा होता. तिने बारक्याकडे पाहिलं मात्र नाही.

परवा. म्हणजे बारक्या नवरा-नवरीची थाप घेऊन दारात आला, तेव्हाच वस्तादला सगळं ठाऊक होतं. तरी याने तळघरापासून बुरुजापर्यंत शहर मांडलं.

बारक्याने डब्यातून एक वायसर काढला. तो त्याने रंगमंडलाच्या नटाला टेकवून ठेवला.

"तूपण चल," तो म्हणाला. "मी जमिनीवर झोपेन. सावकाश जाऊ आपण. मी थांबतोच आहे ना बाकावर."

वस्तादने तो वायसर बोटाने सरकवत सरकवत टेबलाच्या कडेपर्यंत आणला आणि तळहातावर झेलला.

"वेडा का खुळा तू?" तो म्हणाला. "नव्या जोडप्याच्या मध्ये म्हातारा कुठे नेतोस?"

"वस्ताद, अरे..."

"जेव आधी. ताटांना जागा कर."

दोघांनी मिळून शहर डब्यात भरलं.

चौथा दिवस

"चौथा दिवस मोकळा ठेवायला सांग," लिफ्टपर्यंत सोडायला आलेला वस्ताद म्हणाला. "माणसाला एक दिवस परत जावंसं वाटतं कुठेतरी. आवडलं असेल तिथे."

"तळघरात जाईन," बारक्या म्हणाला. "त्या खाचा बघतो. तुला..."

"जाईल म्हण. नवरा जाईल," वस्ताद म्हणाला.

लिफ्ट जुनी होती, जाळीच्या दाराची. बारक्या अंग तिरकं करून आत शिरला. वस्तादने बाहेरून दार लावलं, कडी नीट बसली का ते सवयीने हलवून पाहिलं आणि मोटर घरघरली तशी मान डावीकडे कलती केली. मोटर ऐकताना तो अशीच करी.

"तेल मागतेय," तो म्हणाला.

लिफ्ट खाली निघाली. जाळीतून आधी त्याचा चेहरा वर गेला, मग शर्टाची बटणं, मग काठीवरचा हात. त्या हाताच्या मुठीत वायसर अजून होता. सगळ्यात शेवटी दिसले ते दोन बूट, बारक्याच्या डोळ्यांच्या पातळीवर. डावा जमिनीला टेकलेला. उजव्याचं टोक रिकामं, जरासं वर वळलेलं, आणि दिसेनासं होईपर्यंत जागेवरून न हललेलं.