दोन बोटे वर

डॉ. विरूपाक्ष यांनी पडद्यावर एक ई.सी.जी. लावला आणि सुकन्या सिस्टरांच्या हातातील चहाचा पेला ओठांपाशीच थांबला. कागदावरचे नाव झाकलेले होते. तारीख मात्र उघडी होती. तो आलेख सिस्टरांनीच काढलेला होता.

निदानातील चुका कशा घडतात हे शिकवण्यासाठी डॉक्टर नांदेडहून लातूरच्या या रुग्णालयात आले होते. रात्रपाळी संपवून तशीच येऊन बसलेली एक परिचारिका, चूक सापडेल तेव्हा सापडेल, आधी उशी सापडू द्या, असे पुटपुटली होती व शेजारणी हसल्या होत्या. आता कोणी हसत नव्हते.

"नाव नको, कारण हवं," डॉक्टर म्हणाले. "छातीत जळजळ म्हणून आला, पित्त समजून घरी धाडला. दुसऱ्या दिवशी गेला. चुकलं कुठं?"

तरुण डॉक्टर धम्मप्रिया उभी राहिली.

"मी वाचला, सर. मला त्यात काही दिसलं नाही."

डॉक्टरांनी फळ्यावर लिहिले : वाचनातील चूक.

सिस्टरांना तो रुग्ण आठवला : गुंडप्पा, उदगीरचे वृद्ध दुकानदार. छातीवर चांदीच्या डबीत लिंगायतांचे इष्टलिंग. सिस्टरांच्याही गळ्यात तसेच होते. गुंडप्पांच्या डबीला स्पर्श करण्यास त्यांचे मन धजले नाही, आणि ती काढा म्हणायला जीभ रेटली नाही. ई.सी.जी.ची छातीवर चिकटवायची दोन लीड त्यांनी डबी चुकवून दोन बोटे वर लावली आणि कोणाला सांगितले नाही. त्याला महिना झाला. त्या महिन्यात स्वतःचे इष्टलिंग त्यांनी पूजेसाठी एकदाही हातावर घेतले नव्हते.

पेला पुढच्या बाकावर ठेवून, गुडघ्यांवर हात टेकून त्या उठल्या.

"सर, ते पुसा. पोरीनं कागदावर होतं तेच वाचलं. डबी मधी येत होती म्हणून म्याच लीड वर लावली. खरं दुखणं कागदावर उतरलंच नाही."



"मग काय करायला हवं होतं, सिस्टर?" डॉक्टरांनी हळू विचारले.

त्यांनी पदराआडची डबी उघडली. इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतले.

"घ्या हातावर, आप्पा, इतकंच म्हणायचं होतं. रोज पूजेला असंच तर धरतो आम्ही. छाती मोकळी झाली असती."

डॉक्टरांनी फळा पुसला. सिस्टरांचा हात तसाच पुढे राहिला. धम्मप्रिया जवळ आली आणि इष्टलिंगाखाली आलेला त्यांचा उष्टा चहाचा पेला तिने हलकेच बाजूला सरकवला.