शिवेवरचा बेवारशी

सन १९५१. माघ महिना. शाळू काढणीला आला होता आणि सरकारची शिरगणती चालू होती.

मी शिवेचा दगड बोलतोय. चाकणच्या पलीकडे माझ्या उगवतीला खडकोली, मावळतीला निंबगव्हाण. मोजणीदाराने मला इथे पुरलं तेव्हा आजच्या म्हाताऱ्यांचे बाप रांगत होते. वर्षाला एक नारळ आणि बोटभर शेंदूर, एवढ्यावर मी दोन गावांची भांडणं रोखली. कुणापुढे हललो नाही.

त्या माघात एक परमुलखी माणूस मला टेकून बसला. देहूरोडला लष्कराच्या डेपोत काम मिळतं, असं ऐकून चालत निघालेला. अंगात ताप फणफणत होता. एक पाय या गावात, एक त्या गावात.

खडकोलीचे पोलीस पाटील आबाजी आले. मागोमाग निंबगव्हाणचे पाटील रंगराव. बेवारशी माणूस गावात मेला तर फौजदार येणार, पंचनामा होणार, ऐन सुगीत लोकांना तालुक्याला खेटे घालावे लागणार. दोघांनाही ते पक्कं ठाऊक होतं.

"रंगराव, पाव्हणा तुमचा दिसतोय."

"डोकं कुनीकडं कललंय बघा की. जिकडं डोकं, तिकडचा माणूस."

"तुमचं डोकं तर सदा चाकणच्या बाजारात असतंय. मग तुमाला काय चाकणात मोजायचं?"

जमलेले लोक हसले. त्या माणसाने डोळे उघडले. "कुठल्या बी गावात घ्या," तो म्हणाला. "पर मला मोजा."

त्याला पाणीसुद्धा कुणी दिलं नाही. पाणी देणाऱ्याचा तो झाला असता.

दुसऱ्या दिवशी तो मेला. भर दुपारी, शिवार जेवायला बसलेलं असताना, आबाजी पहार घेऊन आले. मला उपटून प्रेताच्या अलीकडे रोवलं. मयत निंबगव्हाणात गेला. उन्हं कलताना रंगराव आले, शिव्या देत मला होतो तिथे नेऊन ठेवलं. दिवेलागणीला दोघे समोरासमोर आले. माझ्याच जागी खड्डा खणला, त्याला आत घातलं आणि वर मला उभं केलं.

"आता ना तुमचा, ना आमचा," रंगराव म्हणाले.

दगडाला ऊब नसते. त्या दिवसापासून माझा बुडखा तापल्या अंगासारखा ऊन लागू लागला.

माघ सरत आला. एका सकाळी आबाजींची कारभारीण सोजराबाई एकटीच आली. माझ्यापुढे बसली.

"देवा, शिरगणतीचा मास्तर फिरून आला. घरात माणसं किती, इचारलं. मी म्हनलं, पाच. पाचच हायती. पर नावं सांगाया गेले, तर धन्याच्या जागी तोंडातून निघालं, परमुलखी पाव्हणा. मास्तरानं बी तसंच लिवलं. कुणाला काय वाटलं न्हाई. काल सून म्हनली, मामंजी कुठं दिसत न्हाईत. हे तिच्या म्होरंच जेवत हुते. आज मला बी दिसंनात."

मला पहिल्यांदा उपटणारे आबाजी तिच्या मागेच उभे होते.

"सोजरे," त्यांनी हाक मारली. तिने मान वळवली नाही. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. वारा सुटला असं समजून तिने पदर ओढून घेतला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार? त्यांना दिसत होता तो एक मीच.

ते तसेच चाकणच्या ठाण्याची वाट चालू लागले.

दुसऱ्या दिवशी आबाजींना घेऊन फौजदार आला. तो शिपायाला सांगत होता, "ठाण्यात कुणीतरी बोलतंय असं वाटत होतं. 'प्रेत मी पुरलं' म्हटल्यावर हा माणूस दिसला." मला बाजूला काढलं. प्रेत वर घेतलं. पंचनामा झाला.

"पाटीलकी जाईल तुमची," फौजदार म्हणाला.

"जाऊ द्या."

"मयत कुठला लिहू?"

"खडकोलीचा. माझ्या घरचा लिहा."

आबाजींनी आपल्या रानात सरण रचलं. सुतकातल्या मुलासारख्या मिशा उतरवल्या. ज्या मिशांना सारं गाव वचकून असायचं, त्या. मग पाण्यावाचून गेलेल्या त्या मयताच्या तोंडात पाणी घातलं आणि अग्नी दिला.

बायका लांब बांधावर उभ्या होत्या. जाळ वर चढला तशी सोजराबाई ओरडली, "अवो, मागं सरा! धग लागंल!"

आबाजी मागे सरले. देणं फिटलं.