बसून घेतलेलं माप

कल्याणीला सोमवारी खराडीतल्या कंपनीत रुजू व्हायचं होतं आणि तिथे फॉर्मल पॅन्ट सक्तीची होती. दुकानातली कमरेला बसेल ती मांडीवर चढेना. शेवटी तिने आईच्या मशीनवर स्वतःच शिवायचं ठरवलं. बाबांची जुनी पॅन्ट उसवून वर्तमानपत्रावर खाका काढला, कमरेत घटवला, मांडीत वाढवला.

"बापाच्या मापावर लेकीचे कपडे! अहो, बघताय ना?" तिची आई शालनताई नवऱ्याला म्हणाल्या.

"माझी पॅन्ट गेली, तेच बघतोय," कचरूभाऊ म्हणाले.

नव्या कापडाला कात्री लावण्याआधी तिने जुन्या चादरीची पॅन्ट शिवून पाहिली. आरशात झकास दिसली, पण खुर्चीत बसताच मागून टरकन उसवली.

"आता आण विकतची," आई हसली.

"मी काय तिथे दिवसभर उभी राहणार आहे?" कल्याणी खुर्चीतून उठलीच नाही. तिने टेप आईच्या हातात दिली. "बसल्या बसल्या माप घे."

माप चांगलंच वाढून आलं. तिने खाका मागच्या बाजूने कापून मध्ये कागदाची पट्टी जोडली आणि दुसरी चादर ओढली.

या खेपेला ती बसली, वाकली, सँडलचा पट्टा लावला. शिवणीने हूं की चूं केलं नाही. मग तिने नवं करडं कापड अंथरलं आणि आईने तोंड उघडायच्या आत कात्री चालवली.